वरचं पाणी, खालचं पाणी

मित्रांनो, जाफराबादला जाताना तुम्ही माझ्यावरून कितीदा गेला असाल, पण मला पाहिलं नसेल. मी रस्त्याखालची जुनी मोरी. सिमेंटच्या दोन नळ्या, त्यावर मुरमाचा भराव, त्यावर डांबर. ओढ्याचं पाणी पलीकडे सोडायचं, एवढंच माझं काम.

माझा स्वभाव संशयी आहे. वर गाडी थांबली की वाटतं, आता कचऱ्याची गोणी येणार. बहुतेक वेळा येतेच. विश्वास होता तो एका नंदाबाईवर. माझ्या खालच्या तोंडापाशी तिचा धुण्याचा दगड होता. पाणी कमी आलं की ती वरच्या बाजूला जाऊन अडकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओढून काढायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माघात ती वारली. पावसाळ्यात पुरानं पऱ्हाट्या आणि गोण्या आणल्या, माझी तोंडं बुजली. पाणी रस्त्यावरून गेलं. तीन दिवसांनी ओसरलं, तेव्हा डांबर चकचकीत दिसत होतं. मला मात्र माझ्याच अंगाचा संशय आला. नळ्या बंद, तरी पाणी खाली जात होतं. ते नळ्यांच्या कडेनं मुरूम खात चाललं होतं.

नंदाबाईचा नवरा कचरू रोज त्या दगडावर बसायचा. त्या सकाळी त्यानं ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. वरच्या बाजूला जाऊन तिथलंही पाहिलं. मग शेतातली पहार आणून तो रस्त्यात उभा राहिला. समोरून भुजंगची काळीपिवळी जीप आली, माणसांनी भरलेली.

"कचरूमामा, सरका जल्दी. आत्ताच एसटी गेली यावरून!"

"वरचं पाणी नितळ हाय अन् खालचं गढूळ. मंग ही माती कुठली येऊन राह्यली?"

"मामी गेल्यापासून तुम्हाला जिकडंतिकडं खोटच दिसते."

"दिसू दे. आधी माणसं उतरव."

"बाजार उठल्यावर पोचवता का आता?" म्हणत तुळजाबाई उतरली. बाकीचेही उतरले.

कचरूनं पहार मारली. ती मुठीपर्यंत आत गेली. तो मागं सरकला आणि डांबर खचलं. जीप मावेल एवढा खड्डा पडला. भुजंगनं गाडी मागं घेतली.

पुढं मला नव्या नळ्या बसल्या. कामावरची माणसं दगड हलवू लागली, तेव्हा कचरू म्हणाला, "न्हाई, राहू द्या. धुणारं कुणी बसलं तर पाण्यावर नजर राहती."

मित्रांनो, पुरानंतर नुसतं डांबर पाहून पाय टाकू नका. खाली वाकून माझी दोन्ही तोंडं बघा.

दगडावर अजून कुणी धुवायला येत नाही. कचरूच आपला एक सदरा घेऊन येतो. धुण्याआधी वरच्या बाजूला जाऊन येतो.