जवसाचं तेल

धुरपताबाई नवऱ्याला म्हणाली, न्हाव्याला बोलवा आणि माझे केस एकदाचे काढून टाका. सोमाजीचा चहा तोंडाशीच थांबला. कुंकवाची बाई, नवरा समोर धडधाकट बसलेला, आणि म्हणते डोकं भादरा! अशानं माणसाला आपण आहोत की गेलो, हेच कळेनासं होतं.

ऐंशी सालच्या सुमाराची, आसगावातली गोष्ट. त्या उन्हाळ्यात धुरपताच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र मांडीवर पडून राहिला. एकुलती लेक रुखमा सिहोऱ्याला नांदत होती. घरचं सगळं सोडून ती येणार तरी किती दिवस? तेव्हा वेणीफणी सोमाजीकडे आली. या गड्यानं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली होती, पण बायकोच्या केसाला कधी हात लावला नव्हता. तरी शिकला. भांग वाकडा पडायचा, तेवढं चालायचं.

पावसाळ्यात तिच्या डोक्याला खाज सुटली. कोंड्याची जाड, पिवळट खपली धरली, आणि डाव्या हातानं खाजवून खाजवून रक्त निघू लागलं. डोकं कोरडं पडलं, असं सोमाजीनं ठरवून टाकलं. घरच्या जवसाचं घाण्यावरून काढलेलं तेल होतं, ते तो सकाळ-संध्याकाळ थापायचा. खाज वाढली की तेल वाढवायचा. जीव लावून करायचा हो, पण चुकीचंच करायचा.

आता न्हाव्याचं नाव निघालं तेव्हा त्यानं एवढंच मागितलं, की हलका, लवकर पिकणारा धान घरी येऊ दे, मग बघू. मनातून मात्र त्याला तिचा फार राग आला होता.

धान आणायचा म्हणजे बंडी, बैलगाडी, काढायची. दरवर्षीसारखं त्यानं बंडीच्या जुवाला जवसाचं तेल चोपडून उन्हात ठेवलं होतं. उचलायला गेला तर तेलाची चिकट साय धरलेली, आणि तिच्यात धूळ, भुसा, एक मेलेली मुंगी, सगळं पक्कं बसलेलं. नखानं खरवडलं, तरी निघेना. हे तेल लाकडावर वाळून बसतं, म्हणून तर लावायचं, हे त्याला जन्मभर ठाऊक होतं. आणि तेच तो बायकोच्या डोक्यावर थापत होता!

शेजारच्या शकुनबाईला त्यानं लाजत लाजत सगळं सांगितलं, अगदी न्हाव्याचंही, आणि उपाय विचारला. तिनं आधी पोटभर हसून घेतलं, मग नीट सांगितलं. खपली नखानं ओढायची नाही. धुण्याआधी घटकाभर थोडंसं तिळाचं तेल लावून ती मऊ करायची. मग रिठ्याच्या कोमट पाण्यानं, बोटांच्या पेरांनी चोळून सगळं तेल काढायचं, आणि केस पुरते सुकल्याशिवाय बांधायचे नाहीत. एकदा करून भागायचं नाही, चारदोन दिवसांनी पुन्हा करायचं.

सोमाजीनं विहिरीजवळ पाट मांडला. फेस तिच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून एक हात कपाळावर आडवा धरायचा आणि दुसऱ्यानं चोळायचा. रस्त्यावरून दिसायचंच. गावातला देवाजी तर सायकल थांबवून विचारायचा, शेती सोडून हा नवा धंदा कधी धरला? मग त्याच्या मागचेही थांबायचे. एक दिवस धुरपता ओल्या डोक्यावर पदर ओढून उठलीच.

"बस झालं. न्हाव्याले बलावा."

खाज कमी झाली नाही का, त्यानं विचारलं.

"झाली ना. पण खाजेसाठी कुठं म्हटलं होतं मी?" तिनं पदर आणखी पुढे ओढला. "तुमी वेणी घालाले लागले तवापासूनच लोकं तुमाले हासून राहिले, रुखमाचे बाबा. माह्या केसापायी. मले नाही पाहावत."

इतके दिवस पोटात धरलेला राग कुठल्या कुठे गेला, आणि सोमाजीला स्वतःचीच लाज वाटली. ही आपल्याला मेल्यात जमा करते, असं तो समजत होता. त्यानं तिच्या डोक्यावरचा पदर हळूच मागे केला.

"हासू दे. केसं सुकेस्तोवर पदर घेऊ नको, कोंडा धरते."

धान घरी आला तोवर खपल्या गेल्या, खालची कातडी स्वच्छ दिसू लागली. वेणीही जमली. दोर वळायचा हात, त्यामुळे ती दोरासारखी घट्ट आणि सरळ यायची.

मग एका सकाळी जागेश्वर न्हावी दाढीला आला. अंगणात देवाजीही आपल्या पाळीसाठी बसला होता. धुरपताला केस काढायचे आहेत, ही शकुनबाईच्या तोंडून गावभर झालेली गोष्ट जागेश्वरच्याही कानावर होती. त्यानं सोमाजीच्या गालाला साबण लावला आणि आवाज उतरवून विचारलं, बाईचंही करायचं आहे म्हणतात, ते आजच उरकू का?

धुरपता दारातच बसली होती. परक्या माणसासमोर तिनं आपणहून पदर कधी ढळू दिला नव्हता. आज तिनं डाव्या हातानं तो मागे सारला आणि वेणी खांद्यावरून पुढे घेतली.

"माह्या डोक्याचा न्हावी घरचाच हाये, भाऊ," ती देवाजीकडे बघत म्हणाली. "तुमी त्यायची दाढी तेवढी नीट करा."

देवाजी पायातली चप्पल बघत बसला. जागेश्वरनं वस्तरा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. शेवटी त्याला म्हणावं लागलं, सोमाजी, हसू नको गा, कापेल.