कूलरचा वारा

माठावरचं पितळी झाकण इंद्रायणीने सकाळी सहाला पुसलं होतं. साडेअकराला तिने त्यावर करंगळीने रेघ ओढली. रेघेच्या दोन्ही बाजूंना तांबूस पूड उरली, ज्वारीच्या पिठाहून बारीक. परतूरच्या उन्हाळ्यात रस्त्यावरून घरात येते ती धूळ काळपट असते, बोटाला खरखरते. ही खरखरत नव्हती. ही शिसवाची होती.

पुढच्या खोलीत लाकूड कातायचा खराद घरघरत होता. सासरे, राधाकिसन, लाटण्यावर पॉलिश पेपर धरून बसले होते. गुडघे गेले तशी त्यांनी शेती मुलावर, रायभानवर, सोडली आणि अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीवर खराद बसवला. त्यांची लाटणी आणि पाळण्याच्या दांड्या मंठ्याच्या बाजारापर्यंत जात. पटाशीने लाकूड सोलताना निघणारा भुगा जड, तो पायाशी पडे. शेवटी पेपर लावला की उठे ती पूड मात्र पडतच नसे.

मधल्या खोलीतून खोकल्याची उबळ आली. सासूबाई, गोपिकाबाई, बाजेवर उठून बसल्या होत्या.

"आत्याबाई, पाणी देऊ?"

"दे. छातीत आता एक लाटणं तयार झालं असंल माय. पालिश तेवढं बाकी हाय."

डॉक्टरांनी गेल्या सोमवारी साफ सांगितलं होतं. पंधरा दिवसांत घरातली धूळ थांबवा, नाहीतर बाईंना या घरातून हलवा. हलवायचं म्हणजे लेकीकडे, पिंपळगाव रेणुकाईला. चाळीस वर्षांच्या संसारातून लेकीच्या दारी जाऊन राहायचं या विचारानेच गोपिकाबाईंचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. पंधरातले आठ दिवस सरले होते.

इंद्रायणी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टीपुरता शाळेचा सूक्ष्मदर्शक तिने मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला होता. काचपट्टीला व्हॅसलिनचा पातळ हात लावायचा, पट्टी तासभर ठेवायची, मग भिंगाखाली कण मोजायचे. मातीचे कण ओबडधोबड दिसत, लाकडाचे लांबट, टोकदार. आत्याबाईंच्या उशाशी ठेवलेल्या पट्टीवर भिंगातल्या एका गोलात लाकडाचे एकशेचाळीस भरले होते. दाराला ओलं गोणपाट लावल्यावर एकशे एकतीस. गोडेतेलाचा डबा कापून तिने नरसाळं केलं, ते लाटण्याच्या मागे बसवून जुन्या पंख्याने धूळ ओढून पाहिली. अठ्ठ्याऐंशी. परसातल्या रिकाम्या गोठ्यापर्यंत मात्र पूड पोचतच नव्हती, तिथे फक्त नऊ.

"मामा, खराद गोठ्यात नेऊ," ती दोन वर्षं म्हणत होती.

"बघू," राधाकिसन दोन वर्षं म्हणत होते.

बघू म्हणण्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गोठ्यात कोसा नावाच्या बैलाचा खुंटा होता. कोसा जाऊन सहा वर्षं झाली, दुसरा बैल आला नाही. तरी पोळ्याला राधाकिसन त्या खुंट्याला हळदकुंकू वाहत, पुरणपोळीचा घास गव्हाणीत ठेवत. त्या जागेवर कोणी सरपणसुद्धा रचायचं नाही.

"मला पिंपळगावला धाडतेल," गोपिकाबाई म्हणत, "पण खुंटा हलवायचे न्हाईत."

पाणी देऊन इंद्रायणी वळली आणि दारातच थांबली. अठ्ठ्याऐंशीच्या खाली आकडा का येत नाही, याचा ती चार दिवस विचार करत होती. तिच्या पदराचं टोक फडफडत होतं. खरादाच्या खोलीकडून बाजेकडे.

खरादामागच्या खिडकीत कूलर होता. गोपिकाबाईंना धाप लागायला लागली तेव्हा राधाकिसनांनी स्वतः जालन्याहून टेम्पोत घालून आणलेला. कूलर दोन्ही खोल्यांना पुरावा, बायकोला गार वारा लागावा, म्हणून त्यांनी तो मुद्दाम बाजेच्या रेषेत बसवला होता. ओल्या गवतातून येते ती हवा धुऊन येते, असं ते सांगत. तेवढं खरंही होतं, म्हणून इंद्रायणीनेही कधी तिकडे पाहिलं नव्हतं.

तिने जाऊन कूलर बंद केला.

"काय करून राह्यली? तिला गरम होईल ना!"

"दोन मिनिटं, मामा. पेपर लावा लाटण्याला."

पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, त्यातून उन्हाची काठी खाली उतरली होती. राधाकिसनांनी पेपर लावला. उन्हात पूड दिसली. ती वर चढली आणि तिथेच लोंबकळत राहिली.

"आता बघा." तिने बटण दाबलं.

लोंबकळणारी पूड एकदम आडवी झाली. उन्हातून सरळ धावत सुटली, गोणपाटाच्या कडेने वाट काढून मधल्या खोलीत शिरली. आतून खोकला आला.

राधाकिसनांनी मोटर बंद केली. पेपर हातातच राहिला.

"म्हंजी, मीच..."

"धुतलेली हवा तुमची धूळ घेऊन जाती. मलाबी आजच दिसलं."

"धूळ कुठं न्हाई?" ते एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "जलमभर शेतात खाल्ली आम्ही!"

"शेतात भिंती नव्हत्या, मामा."

"मंग कूलरच बंद करतो."

"तरी उरतेच. वारा नसला तरी हवेत लोंबकळतेच, आत्ता पाहिलं ना. अन् या उन्हात कूलर बंद करून त्यांना कसं ठेवायचं?"

ते उठले, भिंतीला धरत परसात गेले. इंद्रायणी मागे गेली नाही. बोलायचं ते बोलून झालं होतं. तिने कूलर बंद केला, ओल्या फडक्याने झाकण पुन्हा पुसलं आणि हातपंखा घेऊन बाजेशी बसली.

"काय झालं गं? भांडला का म्हातारा?"

"न्हाई आत्याबाई."

बऱ्याच वेळाने राधाकिसन दारात आले. हाताला माती होती. खुंट्याभोवती त्यांनी थोडं उकरून पाहिलं असावं. ते बाजेकडे पाहत होते, बोलले मात्र सुनेशी.

"रायभान रानातून आला की पहार काढायला सांग त्याला. कोश्याचा खुंटा माझ्याच्यानं एकट्यानं निघंना." त्यांनी हाताची माती झटकली. "खराद गोठ्यात न्यायचा. आजच."