मुयोम्बोचा घेर

मुयोम्बोच्या खोडाचा घेर छातीच्या उंचीवर एक मीटर ब्याऐंशी सेंटिमीटर भरला. मोजणीच्या साहेबांनी टेप पुन्हा फिरवली. आकडा तोच.

"झाडाला झगा शिवताय का, साहेब?" शेजारच्या गावचा मुखिया न्ग्वाशी म्हणाला. कोणी हसलं नाही.

कटांगा प्रांताचे चार तुकडे झाले होते. या गावचा मुखिया मुलोंगो, त्याचा मुलूख एका नव्या प्रांतात जायचा होता, न्ग्वाशीचा दुसऱ्यात. बेल्जियनांच्या राजवटीतला नकाशा वाळवीने खाल्ला होता. उरलेल्या कागदावर मुलोंगोच्या गावाची खूण म्हणून पूर्वजांचं झाड, म्हणजे मुयोम्बो, तेवढं होतं, नदीचा काठ कुठला ते नव्हतं.

"एवढा घेर म्हणजे शंभर वर्षं तरी," साहेब म्हणाले. "गाव मुळापासून याच काठावर. कोणाची हरकत?"

मुलोंगोने आईकडे, उंबाकडे, पाहिलं नाही, पण तिला त्याची मान ताठलेली दिसली. हरकत आली नाही, तर न्ग्वाशीच्या लोकांची शेतं आणि थडगी मुलोंगोच्या हद्दीत जाणार. आली, तर तिचा मुलगा या जमिनीवर पाहुणा ठरणार.

मुयोम्बो बी पेरून लावत नाहीत, हे साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. गाव हललं की जुन्या झाडाची मांडीएवढी फांदी नेऊन रोवतात. झाड जाडच जन्माला येतं. कटांगा देशातून फुटून निघालं त्या वर्षी सैनिक आले, तेव्हा उंबाच्या नवऱ्याने अशी फांदी खांद्यावरून नदीपार आणली. न्ग्वाशीच्या वडिलांनी एका पावसाळ्यापुरती जागा दिली. त्याला पंचावन्न वर्षं झाली. पाहिलेल्यांपैकी उंबाच उरली होती, आणि झाडाबद्दल ऐकीव बोललेलं चालत नाही. ज्याने पाहिलं त्यानेच खोडावर तळहात ठेवून बोलायचं.

"माझे बाबा गेले, काकू," न्ग्वाशी म्हणाला. "तुम्ही आहात."

"आईला ऊन सोसत नाही," मुलोंगो म्हणाला. "आई, घरात जा."

उंबा उठली आणि झाडाकडे चालू लागली. टेपच्या शेजारी तिने तळहात ठेवला.

"आई, बस खाली," मुलोंगो हळूच म्हणाला.

"पंचावन्न वर्षं बसलेच आहे," ती म्हणाली. "लिहा, साहेब. हे झाड आम्ही नदीपलीकडून आणलं. ही जमीन न्ग्वाशीच्या बापाची."