कौसल्येच्या कानातला खंडोबा

मारुती डोमाजीच्या डाव्या कानातून निघाला, तेव्हा गर्दीतल्या बायांनी पदर सावरून हात जोडले. गदेसकट मारुती, तोही कानातून! मी म्हणतो, निघायची एवढीच घाई होती तर गदा तरी आत ठेवून यायचं.

साल अठ्ठावन्न. मारेगावकडच्या नदीकाठच्या गावात आमची वस्ती. दोन वर्षांपूर्वी आम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि घरोघरचे देव फडक्यात बांधून नदीत सोडले. मी नागोराव, शाळेतला मास्तर. डोमाजी माझा थोरला भाऊ. आणि कर्णनाथ बाबा म्हणजे त्या उन्हाळ्यात पिंपळाखाली येऊन बसलेलं एक प्रकरण!

उन्हाळ्यात आमची नदी आटते आणि एकच डोह उरतो. त्यातच म्हशी बसणार, त्यातच पोरं डुंबणार. अर्ध्या वस्तीचे कान ठणकत होते. त्याचं कारण म्हशींनीसुद्धा सांगितलं असतं, पण बाबाला वेगळंच दिसलं.

"देव पानी में छोडे ना तुम लोगों ने? गये कहाँ? बह गये? नहीं! जिसने छोडा, उसी के कान में घुस गये!" बाबा डोळे गरागरा फिरवत ओरडायचा. "कान में पानी नहीं बेटा, परमेश्वर गुळगुळ कर रहा है!"

मग तो मेण लावलेल्या कापडाची पुंगळी कानात उभी करायचा आणि वरचं टोक पेटवायचा. अर्धी जळली की झटक्यात काढून ताटातल्या पाण्यात विझवायचा. उलगडली की आत पिवळा लगदा आणि मधोमध पत्र्याचा चिंचोक्याएवढा देव! लगदा म्हणजे कानातला मळ आणि देव म्हणजे नदीतून परत आलेला देव. वरून कानात गरम तेल ओतायचं आणि देवाला पुन्हा देव्हाऱ्यात बसवायचं. उकंडा तर पोळ्याच्या पोळ्याला अंघोळ करणारा माणूस, त्याच्याही कानातून म्हसोबा निघाला.

एक दिवस तांड्यावरचा धरमसिंग आला. त्याच्या कानातून मरीआई निघाली.

"बाबा, आमचे देव त घरीच हायेत," धरमसिंग चक्रावला. "हे कोणाची आली?"

"मेहमान है बेटा. रास्ता भूल गयी."

धरमसिंगानं फेटा सोडला, दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला आणि मागे न बघता तांडा गाठला.

मीही हसलो असतो हो. पण माझी पुतणी, डोमाजीची कौसल्या, तापानं फणफणली होती. कानातून पू वाहत होता, त्यातच डोमाजी बाबानं सांगितलेलं गरम तेल ओतत होता आणि कानामागे एवढी सूज, की कान पुढे आला होता. आठ वर्षांची पोर भिंतीला डोकं लावून कण्हत पडलेली.

"दादा, बैल जुंप. आत्ताच्या आत्ता मारेगावच्या डॉक्टरकडे नेऊ."

"डॉक्टर देव काढन काय?" डोमाजी माझ्यावरच उखडला. "माहा मारुती तुह्या डोळ्यादेखत निघाला ना? आज पोरीचा निघते, उद्या ते बरी होते!"

बैल त्याचे, बंडी त्याची, पोर त्याची. माझ्या हातात काय, तर खडू. संताप संताप झाला नुसता.

संध्याकाळी बाबा आमच्या अंगणात आला. मागे सगळी वस्ती. आईनं, म्हणजे मथुराबाईनं, पितळी गडवा भरून पाणी दिलं. बाबानं घटाघटा पिऊन रिकामा गडवा खाली ठेवला आणि कौसल्येच्या कानात पुंगळी खोवली. पोर किंचाळली. डोमाजीनं तिचे हात घट्ट धरून ठेवले.

पुंगळी उलगडली.

"खंडोबा!" बाबा उडीच मारून उठला. "मथुराबाई, तेरे घर का खंडोबा! अब इसे बिठाव और कान में लसूण का गरम तेल डालो!"

आईनं तो पत्र्याचा तुकडा हातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हा आमचा व्हय?"

"तेराच!"

"नदीतून आला?"

"सीधा कान में!"

"पण बाबा, म्या त खंडोबा नदीत टाकलाच नाही."

डोमाजीचा आ वासला. "माय! सगळ्याइच्या देखत गठुडं सोडलं ना तू?"

"गठुड्यात फुटका वरवंटा होता," आई म्हणाली. "इतकं चांगलं पितळ पाण्यात कायले टाकू मी? सगळे देव कासाराले मोडीत देल्ले अन् त्यावर हा गडवा घेतला. बाबा, आत्ता तू ज्यातून पाणी पेलं ना, तोच माहा खंडोबा!"

बाबा गडव्याकडे बघायला लागला. "वो... उसकी आत्मा..."

मी त्याची झोळी ओढली. आत न पेटवलेल्या पुंगळ्या होत्या. एक उलगडली. आत मेणाचा गोळा आणि गोळ्यात मारुती. दुसरी उलगडली, मरीआई. धरमसिंगाची पाहुणी वाट चुकली नव्हती, बाबाच्या झोळीत पुंगळ्यांची सरमिसळ झाली होती! देवांच्या पाठीवर रॉकेलच्या डब्याचा निळा रंग तसाच होता.

"आता गडव्याचा कान पाहू," म्हणून मी तिसरी पुंगळी गडव्याच्या तोंडात उभी करून पेटवली, विझवली, उलगडली. तसाच पिवळा लगदा, वर म्हसोबा! गडवा कधी डोहात डुंबला नव्हता, त्याचा कानही कधी ठणकला नव्हता.

आधी उकंडा हसला, मग सगळी वस्ती. बाबानं धोतर आवरलं आणि नदीकडे धूम ठोकली. मागे पोट्टे लागले. बाबा थेट डोहात, गटांगळ्या खात पलीकडच्या काठावर. आणि तिथं, आम्ही सगळे बघतोय, बाबानं काय करावं? मान वाकडी केली, कानाची पाळी ओढली आणि एका पायावर टुणटुण उड्या मारल्या! पुंगळी नाही, तेल नाही, परमेश्वर नाही. पाणी गेलं, पाणी काढलं.

डोमाजीनं तोवर बैल जुंपले होते. कौसल्येला उचलून त्यानं बंडीत निजवलं.

डॉक्टरनं कान पाहिला आणि आधी आम्हाला झापलं. "घाण पाण्यानं कान सुजला, पू झाला, वरून तुम्ही तेल ओतलं! आता पू हाडाकडे चालला होता. आणखी थांबला असता, तर कान राहू द्या, पोरच गेली असती." मग कान साफ झाला, पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. महिनाभरानंतर आईनं कौसल्येच्या पाठीमागे तोच गडवा उलथण्यानं ठणाठणा बडवला.

"काहून ठोकून राह्यली व आजी? आयकू येते ना मले!"

डोमाजी दारात उभा होता. तिथंच मोठ्यानं रडला.

म्हणून सांगतो, बाबांनो. म्हशींच्या डोहात पोरांना सोडू नका. कानात पाणी गेलं तर मान वाकडी करा, पाळी जरा ओढा, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा. काडी घालू नका, तेल ओतू नका. कान ठणकला, वाहिला, तर डॉक्टर गाठा. आणि पुन्हा एखादा बाबा कानातून देव काढायला आलाच, तर त्याला आधी डोहात बुडी मारायला सांगा, आणि वर आल्यावर तो स्वतःच्या कानाचं काय करतो ते नीट बघा.