एकेचाळीस जणांचा एक जून

ज्या फौजेत आणे पठाराचा पोरगा साहेब झाला, त्या फौजेपुढं उभं राहायची कुणाची छाती होणार नाही, असं सावळेराम गुरुजींनी जून अठ्ठ्याण्णवमध्ये शाळेच्या ओट्यावरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. गोरक्षच्या गळ्यात हार पडला. तेवढ्यात पोस्टमन आला आणि त्याने लष्करी प्रबोधिनीचं पत्र गुरुजींच्याच हातात दिलं. गुरुजी ते माइकवर मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्या ओळीपासून मनात वाचू लागले.

उमेदवाराच्या जन्मतारखेबद्दल शंका आहे, असं त्यात होतं. शाळेचं मूळ रजिस्टर आणि वडील यांच्यासह गुरुवारी हजर व्हावं. समाधान न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

लेखी परीक्षा, पाच दिवसांची मुलाखत, डॉक्टरी तपासणी, सगळं गोरक्ष पार करून आला होता. अडला तो गुरुजींच्या उत्साहापाशी. प्रबोधिनीने मागितला होता मॅट्रिकचा दाखला. गुरुजींनी, कुणाला संशय नको म्हणून, शाळेच्या रजिस्टरचं अख्खं पान झेरॉक्स करून, चार ठिकाणी शिक्के मारून सोबत जोडलं होतं. त्या पानावर एकेचाळीस मुलांची नावं होती आणि एकेचाळीस मुलं एक जूनला जन्मली होती.

गुरुवारी तिघं एस.टी.ने पुण्याकडे निघाले. गुरुजींनी रजिस्टर पोटाशी धरलं होतं. गोरक्षचे वडील जानकू खिडकीशी बसून बाहेरची मेंढरं बघत होते.

"आबा, जागा गेली तर?" गोरक्षने विचारलं.

"मेंढरं हायेत की," जानकू म्हणाले. पोराने तोंड फिरवलं, तशी त्यांनी खिडकीकडे पाठ केली. नारायणगाव येईस्तोवर मग त्यांनी एकही मेंढरू बघितलं नाही.

प्रबोधिनीच्या गेटावरच्या जवानाने जानकूंची काठी ठेवून घेतली. काठी गेल्यावर त्या हाताचं काय करावं हे त्यांना कळेना. त्यांनी तो पाठीमागं धरला.

मेजरसाहेब मराठी निघाले. त्यांनी रजिस्टर उघडलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"गुरुजी, तुमच्या गावात एक जूनला नेमकं काय होतं?"

"शाळा जूनला भरते, साहेब. पोराला पाच पूर्ण पाहिजेत. आईबापांना तारीख ठाऊक न्हाई. मग आमी आपली एक जून टाकतो."

"सगळ्यांना?"

"भेदभाव न्हाई केला कधी."

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "यंदाच्या तीनशे मुलांत एकोणीस जण एक जूनचे आहेत. पण रजिस्टरचं पान कुणी पाठवलं नव्हतं. आता तुम्हीच लेखी कळवलंय म्हटल्यावर मला विचारणं भाग आहे." ते जानकूंकडे वळले. "बाबा, मुलगा कधी झाला?"

"सोमवारी."

"तारीख?"

"तारीख न्हाई सांगता यायची. बेल्ह्याच्या बाजाराचा दिस. मी मेंढा घेत व्हतो, सौदा तुटंना. तवर बयाबाई वरडत आली, तुजी गजरा पिंपळाखाली बाळंत झाली म्हणून. मंग मी मेंढाबी घेतला आन् पोरगंबी."

"याला पुरावा काय?"

गोरक्षने डोळे मिटले. जानकूंनी कमरेची चंची सोडली. पान, सुपारी, चुना, आणि सगळ्यांत आत चार घड्या घातलेला पिवळा कागद. जनावर घेतल्यावर बाजारात मिळते ती पावती. वाटेत पोलिसाने हटकलं तर दाखवायची.

"मेंढा कवाच मेला," जानकू म्हणाले. "पर त्या दिसाचा दुसरा कागूद न्हाई आमच्याकडं. म्हणून जपला."

मेजरसाहेबांनी घड्या उलगडल्या. मेंढा, नर, काळा, एक. घेणार जानकू, राहणार आणे. तारीख १-६-८१.

त्यांनी कपाटातून एक जुनं जाड, शंभर वर्षांचं पंचांग काढलं आणि बोट फिरवत गेले. एक जून एक्क्याऐंशी, सोमवार.

खोलीत सगळ्यांत जास्त धक्का गुरुजींना बसला. "म्हंजे एक तरी खरी लिहिली मी!" ते खुर्चीत बसलेच. "जानकू, लेका, सतरा वर्षं चंचीत घेऊन हिंडतोस, मला सांगायचं न्हाईस?"

"तुमी इचारलंच न्हाई, गुरुजी. आन् काय लिवलंय ते मला कुठं वाचता येतं?"

मेजरसाहेब हसले. हसता हसता त्यांनी गोरक्षच्या कागदावर सही केली आणि शिक्का मारला, एकच. गोरक्षचा श्वास इतक्या जोरात सुटला की पावती टेबलावरून उडाली. जानकूंनी ती झेलली, परत चार घड्या घातल्या आणि चुन्याच्या डबीखाली ठेवली.

मेजरसाहेब उठून उभे राहिले. "बाबा, तीनशे मुलांत तुमचा मुलगा देशाचा अधिकारी व्हायला इथे येतोय. अशी संधी लाखात एखाद्याला मिळते. आज तुम्हाला जे बोलायचं असेल ते मोकळेपणाने बोला."

जानकू पुढं झाले. मोकळा हात एकदा पोराच्या डोक्यावरून फिरवला, मग परत पाठीमागं नेला. घसा खाकरला.

"साहेब, गेटावर माजी काठी ठिवून घेतलीय. तेवढी द्यायला सांगा."