दक्षिणेकडचा मोठा द्वीप

पुस्तक तीनशे बारा पानांचे होते आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता ते छपाईला जायचे होते. सकाळी नऊ वाजता प्रूफरीडर शेवटच्या वाचनाला बसली. छापखान्यात तिला सगळे वेलांटी म्हणत, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की तिला शिंक आल्यासारखे व्हायचे.

लेखक होते दातांचे डॉक्टर, निवृत्त. एकोणीस वर्षे खपून त्यांनी समुद्रात बुडालेल्या एका प्राचीन बेटाचा इतिहास उभा केला होता. बेटावर चाळीस हजार लोक राहत. त्यांना चाक ठाऊक होते, ग्रहणे ठाऊक होती आणि साखर ठाऊक नसल्याने त्यांचे दात मरेपर्यंत शाबूत असत. या शेवटच्या मुद्द्याला डॉक्टरांनी अठ्ठावन्न पाने दिली होती. बेट टप्प्याटप्प्याने खचत गेले, असा त्यांचा सिद्धांत. उरलेला सुळका शंभरेक वर्षांपूर्वीच पाण्याखाली गेला आणि त्याला लेखी साक्षीदार होता, किनाऱ्यावरच्या दीपगृहाचा रखवालदार. त्याच्या रोजनिशीतले उतारे चाळीस वर्षांपूर्वी एका मासिकाच्या समुद्र विशेषांकात आले होते; तो अंक याच छापखान्यात छापला होता. त्यातली दोन वाक्ये डॉक्टरांनी पहिल्याच पानावर चौकटीत टाकली होती:

'दक्षिणेकडचा मोठा द्वीप कालपासून दिसत नाही. तो गेला, असे खलाशी सांगतात.'

पहिल्या वाचनात वेलांटीने समासात लिहिले होते, 'द्वीप नपुंसकलिंगी. मोठे द्वीप? ते गेले?' त्याखाली डॉक्टरांचे उत्तर होते, 'हाच तर पुरावा!' आणि सातव्या प्रकरणाकडे बाण. सातव्या प्रकरणाचे नाव 'तो द्वीप'. बेटावरचे लोक आपल्या भूमीला आई न मानता पुरुष मानत, राजाच पाण्यात आडवा झाला आहे असे समजत, आणि तो पुल्लिंगी उच्चार खलाशांच्या तोंडी हजारो वर्षे टिकला, असे त्यात सव्वीस पानांत सांगितले होते. व्याकरणाच्या चुकीला इतका मान मिळालेला वेलांटीने कधी पाहिला नव्हता.

आता ती पुन्हा त्याच चौकटीवर पेन्सिल टेकून बसली होती. पेन्सिलीचे टोक नेमके 'द्वी'मधल्या 'व'वर आले आणि तेवढे अक्षर झाकले गेले. मोठा दीप. तो गेला. दिवे गेले, असे तर आपण रोज म्हणतो.

"मेले," ती म्हणाली.

"कोण?" पलीकडच्या टेबलावरून मालकांनी विचारले.

"चाळीस हजार लोक."

"त्यांना बारानंतर मरू दे. मला बाराला प्लेटी लावायच्यात. रविवारी प्रकाशन आहे, चारशे पत्रिका गेल्यात."

"आत्याकडे जाऊन येते," म्हणत ती निघालीसुद्धा.

आत्या दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने याच छापखान्यात तेहतीस वर्षे प्रुफे वाचली होती आणि भाचीला या धंद्यात तिनेच आणले होते. वेलांटी पोहोचली तेव्हा ती खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला कागद वाचत होती, हातात अर्थातच पेन्सिल.

"बघ, 'दिवसातून तिनदा'. असलं औषध घ्यायचं तरी कसं?"

"आत्या, तो समुद्राचा विशेषांक तू वाचला होतास ना?"

"त्यातल्या प्रत्येक अनुस्वाराची जबाबदारी माझी. का गं?"

वेलांटीने वाक्य म्हणून दाखवले. आत्याने एकदा ऐकले, पेन्सिल खाली ठेवली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक फाइल काढली. विशेषांकांची आपण तपासलेली प्रुफे ती जपून ठेवत असे. लोक प्रमाणपत्रे ठेवतात तशी.

प्रूफ पिवळे पडले होते. जुळाऱ्याने खिळे लावून स्वच्छ 'दीप' जुळवले होते. त्यावर लाल शाईत, ठसठशीत, एक 'व' घुसवलेला होता.

"मला वाटलं, समुद्रावरचा माणूस, बेटाबद्दलच लिहिणार," आत्या म्हणाली.

"रखवालदार होता तो, दिव्याचा."

"हो, ते आता कळतंय."

"बरं, द्वीप केलंस ते केलंस, मग 'मोठा'चं 'मोठे' का नाही केलंस?"

आत्याने 'मोठा'वर बोट ठेवले. "तेवढं राहिलं," ती म्हणाली. द्वीप घातल्यापेक्षा हे तिला जास्त लागले होते. मग ती चपला शोधू लागली. "चल. चूक माझी, सांगणार मी."

डॉक्टरांनी दवाखाना बंद करून सहा वर्षे झाली होती, पण रुग्णांची खुर्ची काढली नव्हती. तीत आडवे होऊन, वरचा दिवा लावून ते रविवारचे भाषण पाठ करत होते.

"या, या! शेवटची चूक सापडली वाटतं?"

"सापडली," आत्या म्हणाली. "माझी आहे." आणि तिने प्रूफ त्यांच्या हातात दिले.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. लाल 'व'कडे पाहिले, पुसता येतो का ते बघावे तसे त्यावरून बोट फिरवले.

"म्हणजे पलीकडच्या दीपगृहाचा दिवा बंद पडला होता."

"हो."

"तेल संपलं असेल."

"असेल," आत्या म्हणाली.

वेलांटीला राहवेना. "डॉक्टर, बाकीचे पुरावे आहेतच की. समुद्रात सापडलेल्या विटा, दगडी नांगर. हे वाक्य तेवढं काढलं तर..."

"विटा मी कुठे शोधल्या? या वाक्याच्या दक्षिणेला. दुसरीकडे कधी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तिथेही सापडल्या असत्या."

"मग शुद्धिपत्र जोडू. 'द्वीप'च्या जागी 'दीप' वाचावे."

डॉक्टरांनी मांडीवरच्या प्रुफांच्या प्रतीचे मधलेच पान उघडले आणि मोठ्याने वाचले, "'या दीपावर चाळीस हजार लोक सुखाने राहत होते.'" थोडे थांबून पुढचे पान. "'दीपाचा घेर अकरा कोस असून त्यावर राजा आडवा झोपलेला...'"

"भाजला असेल बिचारा," आत्या म्हणाली, आणि तिघेही हसू लागले. डॉक्टर सर्वांत जास्त हसले आणि सर्वांत आधी थांबले.

"एकोणीस वर्षं, बाई. रोज दवाखान्याआधी दोन तास. बायको हाक मारायची, बेटावरून उतरा, चहा झालाय."

"मला काय बोलायचं ते बोला."

"काय बोलू? मी एकदा एकाचा चांगला दात काढलाय. दुखत होता शेजारचा. त्याला सांगितलं नाही, गुळमुळीत काहीतरी बोलून तोही काढला. अजून रस्त्यात भेटला की तो मला वाकून नमस्कार करतो." त्यांनी प्रत मिटली. "चारशे जणांचे तसले नमस्कार मला झेपायचे नाहीत."

त्यांनी मालकांना फोन लावला. "छापू नका," एवढेच म्हणाले. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला, "डॉक्टर, अहो, चारशे पत्रिका!"

"येऊ देत माणसं. पुस्तकाऐवजी त्यांना एक पान छापून द्या. मजकूर वेलांटीबाई आणतायत."

फोन ठेवून ते खुर्चीत सरळ बसले. "लिहा. 'एकोणीस वर्षं मी ज्या बेटाचा इतिहास लिहीत होतो...'"

"'वर्षे'," आत्या म्हणाली. "छापील आहे."

"'वर्षे. ते बेट होते की नव्हते, हे मला ठाऊक नाही. माझ्याकडे जो पुरावा होता, तो एका दिव्याचा होता.'"

"आणि चूक प्रूफ वाचणाऱ्या बाईची, तेही टाका. नावासकट."

"बाई, तुमचं एक अक्षर. उरलेली तीनशे बारा पानं माझी आहेत, ती मी कोणाला द्यायचा नाही. बरं, टाका, पण अर्ध्या ओळीत."

वेलांटीने ते अर्ध्या ओळीत बसवले. "खाली काय लिहू? लेखक?"

डॉक्टरांनी वरच्या दिव्याकडे पाहिले. "नको," ते म्हणाले. "दंतवैद्य, निवृत्त."

"'नि' ऱ्हस्व," आत्या म्हणाली.

"ऱ्हस्वच काढलाय, आत्या," वेलांटी म्हणाली आणि पावणेबाराला कागद घेऊन निघाली.