पिंपाचं बूच

"पेट्रोल कुठी गेलं, डोमा?"

विमान कंपनीचे कारकून गुणवंतराव यांनी मोजायची काठी पिंपातून बाहेर काढली. खालून थोडी ओली, बाकी कोरडी. डोमानं काठी पाहिली, मग वाकून पिंपाचं बूड पाहिलं. जमीन खडखडीत.

"मी थेंबबी नाई घेतला, बाबूजी."

"मंग काय पिंपानंच पेलं?"

मूल गावाच्या वाटेवर विमान उतरायचं मैदान होतं आणि डोमा तिथला राखणदार. परतीचं पेट्रोल विमानानं नागपूरहून लादून आणलं तर वजन होतं, माणसं कमी बसतात, कंपनीला ते महागात पडतं. म्हणून पिंपं आधीच बैलगाडीनं येऊन पडायची. बैलानं ओढलेल्या पेट्रोलवर विमान उडतं, हे डोमाच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पण राखायचं म्हणजे राखायचं. पिंपांजवळ बिडी पेटवली म्हणून सख्ख्या साळ्यालाही त्यानं दगड हाणला होता.

"आन् बुचं ढिली कोनं केली?"

"मीच."

"काऊन?"

"उन्हानं पोटं फुगतेत जी त्यायची. ठम् ठम् वाजतेत. मोहाच्या दारूच्या मडक्याचं तोंड गच्च बांधलं तं मडकं फुटते. म्हून उन्हाळाभर रोज दुपारी हवा देतो."

"अबे, हे काय मोहाचं मडकं होय? उडून जाते हे!"

"विमानाबिगर?"

तिकडे विमान उन्हात ताटकळत उभं. आता नागपूरहून दुसरं पेट्रोल येईस्तोवर ते हलणार नव्हतं. पंखाच्या सावलीत बसलेला एक शेठ ओरडत होता. गुणवंतरावांनी कपाळ पुसलं.

"सायबाले काय सांगू मी? चोर सांगू तुले का येडा? चोर सांगतलं तं ठाणा. येडा सांगतलं तं घर. नोकरी दोन्हीकडून गेली."

डोमा उठला, आपली जर्मनची ताटली आणली, समोर धरली.

"टाका यात जरासं. पाह्यतो."

ताटली उन्हात ठेवून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. पापणी हलवली नाही. माशी नाही, मुंगी नाही, कोणाचा हात नाही. ओल कडेकडून आत सरकत गेली आणि ताटली कोरडी झाली. त्यानं बोट फिरवलं, वास घेतला. वर आभाळाकडे पाहिलं. तिथंही काही नव्हतं.

"येडा सांगा, बाबूजी."

गुणवंतरावांनी मान हलवली. बुचं आवळायला घेतली, तर डोमा म्हणाला, "थांबा, मी करतो." एकेक बूच त्यानं दात खाऊन आवळलं. पाना खाली ठेवला, ताटली काखेत मारली आणि घरची वाट धरली.

बांधापर्यंत गेला असेल, तोच मागं पिंप वाजलं. ठम्.

डोमा थांबला. वळला नाही. फक्त त्याचा उजवा हात हवेतच, काहीतरी ढिलं करावं तसा, हळूच फिरला.